मापाचा ब्लाउज

मंगळवार, ता. ९
सकाळचे पावणेदहा

लाडके चिंगे,

तुला तुझ्या ताईचे पोतंभर आशीर्वाद. घरात सगळ्यांना माझी आठवण सांग. आम्ही इकडे मजेत आहोत. तुम्हीही तिकडे मजेत असाल, असं पुढे लिहायची रीत आहे, पण ते वाक्य मी आत्ता नाही लिहीत. त्याच्याकडे नंतर येते.

पाकीट बघून दचकू नकोस, कोणी गेलंबिलं नाही. फोनच केला असता, पण तू माझा फोन उचलतेस कुठे? आणि उचललास तरी "हो, नाही, बरं, ठेवते" एवढंच बोलतेस. मला सांगायचंय ते तेवढ्यात मावत नाही. म्हणून हा कटिंगचा खाकी कागद घेतलाय. मागच्या बाजूला एक बाही आखलेली आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस. अक्षराला हसायचं असेल तर हस. मी चौथी, तू आठवीपर्यंत गेलेली. तुझं अक्षर कसं मोत्यासारखं. काना-मात्रा चुकलाच तर तूच नीट करून वाच.

बसलेय कुठे, तर आमच्या सेंटरमध्ये. 'आमच्या' म्हटलं की माझी सून हसते. म्हणते, "आई, कॅन्सरच्या दवाखान्याला आमचं म्हणणाऱ्या तुम्ही एकट्याच असाल." मी म्हणते, चौदा वर्षं ज्या घरात माझी ऊठबस झाली ते आमचं नाही तर काय शेजारणीचं? आज माझ्या हाडांची तपासणी आहे, दर सहा महिन्यांची. नंबर एकवीस, चाललाय सात. म्हणजे वेळच वेळ आहे. दुसऱ्या ओळीतली तिसरी खुर्ची माझी. तिथून दारही दिसतं, पंखाही लागतो, आणि तिच्या गादीला भोक नाही.

काल रात्रीचं जेवण तसंच राहिलं, आज सकाळी चहा दोनदा गार केला. जिवाला चैन नाही. असो. आधी आनंदाचं सांगते.

आमची नात लांब उडीत पहिली आली! अख्ख्या जिल्ह्यात! चार मीटर आणि वर बहात्तर. मी घरी टेप लावून बघितलं, मापाची ती आपली टेप, तीनदा उचलून ठेवावी लागली. आमच्या ओट्यापासून थेट बाहेरच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आलं. एवढं अंतर माणूस हवेत जातं म्हणजे काय गं! मी तिला म्हटलं, तुझी आज्जी एवढ्या अंतरात दोनदा दम खाते. तर म्हणते कशी, "आज्जी, तू धावत येत नाहीस ना, उडी मारायच्या आधी धावावं लागतं." शहाणी! पाय बघ तिचे, नुसते वेळू. दर वाढदिवसाला मी तिला एक फ्रॉक शिवते. पहिला आता तिच्या बाहुलीलासुद्धा घट्ट होतो, आणि यंदाच्याला माझ्या स्वतःच्या ब्लाउजपेक्षा जास्त कापड लागलं. चौदा फ्रॉक झाले. माझं दुखणं आणि ती, दोघं एकाच वर्षातले. माझ्या छातीत गाठ निघाली तेव्हा सुनेला पाचवा महिना होता. मी मोठ्या डॉक्टरांना विचारलं होतं, "बाळ बघेन का हो मी?" त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "झबलं शिवायला घ्या. मी उपचार करतो, तुम्ही झबलं करा. बघू कोणाचं आधी होतंय." माझं आधी झालं. त्यांचं अजून चाललंच आहे बिचाऱ्यांचं.

नंबर अकरा. थांब, पाणी पिऊन येते.

आले. वाटेत नंबर देणाऱ्या बाईंनी अडवलं. त्या चौदा वर्षांपूर्वी नवीन लागल्या होत्या, कोणी मोठ्याने बोललं की डोळ्यांत पाणी यायचं त्यांच्या. आता त्या बोलल्या की आमच्या डोळ्यांत येतं. पण माणूस सोन्याचं. नवीन बाई कोणी घाबरत घाबरत आली, की तिला माझ्या शेजारच्या खुर्चीवर पाठवतात. "त्या आजींच्या बाजूला बसा, त्या बोलत राहतील, तुम्ही नाही ऐकलंत तरी चालेल." हे माझं इथलं काम. तोंडाचा पट्टा आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या उपयोगी पडतोय.

तुला सांगते, इथली माणसं कशी आहेत. एक न्हावी येतो दर गुरुवारी. औषधाने केस गळायला लागले की तो उरलेले भादरून देतो. माझे भादरले तेव्हा मी आरशाकडे पाठ करून बसले होते. त्याने हळूच आपली टोपी काढली. आत तुळतुळीत गोटा! म्हणाला, "मी दर गुरुवारी सकाळी आधी माझं उरकतो, मग इथे येतो." अशी माणसं. आणि एक सिस्टर आहे, तिला मी हळूहात म्हणते. माझ्या हाताच्या शिरा कुठल्या कुठे दडून बसतात, पण ती सुई लावते तेव्हा कळतसुद्धा नाही. बोलत बोलत लावते. मी विचारते, "कधी लावणार?" ती म्हणते, "झालं की." मी बरी झालेली नाही, चिंगे. ते तुला कोणी सांगितलं असेल तर खोटं. छातीतलं गेलं ते सहा वर्षांनी हाडात येऊन बसलं. ते जाणार नाही. पण मी आहे. दर तीन आठवड्यांनी सलाईन घेते, घरी जाऊन भाजी निवडते. हे चौदा वर्षांचं असणं मला या जागेने दिलंय.

एकवीस! हाक आली.


दुपारचे सव्वाबारा

झाली तपासणी. त्या बोगद्यासारख्या मशीनमध्ये निपचित पडायचं असतं, आणि मला तेच जमत नाही. आतला मुलगा काचेमागून ओरडतो, "आजी, पाय हलवू नका." मी म्हणते, पाय माझे नाहीत, आज कोणाचे आहेत काय माहीत. रिपोर्ट तीनला सांगणार. तोवर इथेच.

आता गाऊनची गोष्ट. ही मी जाईन तिथे सांगते, आमच्या घरी सगळ्यांची पाठ झाली आहे, तुलाच काय ती ठाऊक नाही.

ऑपरेशन झाल्यावर इथे जो गाऊन द्यायचे, त्याच्या नाड्या पाठीवर. आता बघ, काखेपासून टाके, हात खांद्याच्या वर जात नाही, कुशीतून नळी बाहेर आणि नळीला बाटली. अशा बाईने पाठीमागे नाड्या बांधायच्या कशा? बाटली धरायची कुणी? मी पडल्या पडल्या कुरकुर लावली. शिवलाय कोणी हा, मुंढा बघा, गळा बघा, गाऊन आहे की गवताचं पोतं. तीन दिवस ऐकून घेतलं मोठ्या सिस्टरांनी. वॉर्ड त्यांच्या हाताखाली, सगळे चळाचळा कापतात. चौथ्या दिवशी त्यांनी एक धुतलेला गाऊन आणून माझ्या पोटावर टाकला.

"तुम्ही शिवणकाम करता ना?"

"चाळीस वर्षं."

"मग बोलू नका. करून दाखवा."

पुढचे सगळे उपचार उरकल्यावर घरी एका हाताने मशीन चालवली. दोन्ही खांद्यांवर उघडेल असा केला, म्हणजे हात न उचलता चढतो, न उचलता निघतो. नाड्या पुढे. बाटलीसाठी आतून खिसा. आणि डाव्या-उजव्या दोन्ही अंगाला आतून मऊ कापडाचा चौकोन लावला, चार घड्यांचा, कडेने हाताने तुरपलेला. म्हणजे टाके घासणार नाहीत. सिस्टरांनी उलटासुलटा करून बघितला आणि एवढंच म्हणाल्या, "अजून बारा करा." आता तळमजल्यावर धुलाईखान्याच्या बाजूला एक मशीन माझ्यासाठी ठेवली आहे. चारशेच्या वर गाऊन झाले असतील. लोक म्हणतात, आजींनी काय डोकं लावलंय. तो चौकोन तर सगळ्यांना फार आवडतो. बायका हात फिरवत बसतात त्यावरून. सिस्टरांनी मला एकदा विचारलं होतं, "हे कसं सुचलं?"

मी म्हटलं, "सुचलं असंच."

खोटं बोलले.


दीड वाजला

चिंगे, मघापासून तीन वेळा उठून दारापर्यंत जाऊन आले. चहावाले काका म्हणाले, "आज्जीबाई, फरशी झिजवाल." सगळ्यांना वाटतंय मी रिपोर्टला घाबरलेय. चौदा वर्षांत कितीतरी रिपोर्ट पचवले मी, रिपोर्टला कोण घाबरतं!

माझ्या पिशवीत तुझा ब्लाउज आहे.

आता रागावू नकोस, आणि तुझ्या सुनेवर तर मुळीच नाही. तुला पासष्टावं लागतंय म्हणून तिला तुला चकित करायचं होतं. जांभळं कापड घेतलं तिने, फार सुंदर, आणि मला फोन केला. "मोठ्या मावशी, तुमच्या हातचा ब्लाउज बघितला की त्या विरघळतील. किती वर्षं तुम्ही दोघी बोलत नाही, मला बघवत नाही." पोरगी गुणाची आहे, जप तिला. मी म्हटलं, मापाला एक ब्लाउज पाठव. पण ठेवणीतला नको. ठेवणीतला खोटं बोलतो. रोज अंगावर असतो तो दे. ती म्हणाली, "रोजचे ना? ते आतल्या खोलीत दारामागे दोरीवर असतात. सासूबाई उन्हात घालतच नाहीत हल्ली, रंग जातो म्हणतात." आणि हसली.

मी नाही हसले. पण मी स्वतःला म्हटलं, उगाच काहीतरी.

शनिवारी पार्सल आलं. मी कापड उलगडलं, टेप काढली, ब्लाउज उलटा केला. उलटा करूनच माप घ्यायचं असतं, हे तुला मी काय सांगू. उजवी बाजू जशीच्या तशी. डाव्या बाजूची टीप उसवलेली आणि बोटभर सैल करून हाताने परत घातलेली. आणि आतून मऊ कापडाचा चौकोन. चार घड्यांचा. कडेने तुरपाई, बारीक, एकसारखी. शेवटी दोन गाठी, एकीवर एक.

आई एकच गाठ मारायला शिकवायची. तू दोन मारायचीस. "सुटली तर?" म्हणायचीस.

चिंगे, किती दिवस झाले?

तुझ्या सुनेला मी काही बोललेले नाही. कोणालाच नाही. माझ्या मुलालासुद्धा नाही. तीन दिवस तो ब्लाउज पिशवीत घेऊन फिरतेय. कापडाला कात्री लावलेली नाही.


अडीच

सांगितलं. एकीला सांगितलं. तुझं नाव नाही सांगितलं.

मोठ्या सिस्टर आल्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. आता केस पांढरे झालेत त्यांचे, पुढच्या वर्षी निवृत्त होतील. म्हणाल्या, "आजी, आज खुर्चीला काटे आलेत का? तपासणीला पाय हलतात, इथे हलतात. रिपोर्टची एवढी धास्ती, आणि तुम्हाला?"

मी पिशवीतून ब्लाउज काढला आणि उलटा करून त्यांच्या हातात दिला.

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. मग चौकोनावरून अंगठा फिरवला. मग खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. मला जे दिसलं होतं ते त्यांनाही दिसलं, अगदी फिकट डाग, धुऊन धुऊन फिकट झालेला. परत आल्या आणि शेजारच्या खुर्चीवर बसल्या. चौदा वर्षांत त्यांना बसलेलं मी आज पहिल्यांदा बघितलं.

"तुमचा नाही हा."

"नाही."

"कोणाचा?"

"माझ्या पाठच्या बहिणीचा."

"तिने दाखवलाय कुठे?"

"ती दाखवणाऱ्यातली नाही."

"तुम्ही तरी कुठे होतात?" म्हणाल्या. "आठ महिने लपवलं होतंत. मला लक्षात आहे. मंगळवारी आणा तिला. सकाळी नऊला. नंबर मी काढून ठेवते."

मी म्हटलं, "सिस्टर, बरं होईल ना?"

"मी डॉक्टर नाही आणि ज्योतिषीही नाही. फोटो निघेल, सुई लावून तपासतील, मग कळेल. काही वेळा काहीसुद्धा नसतं. काही वेळा असतं आणि निघतं. काही वेळा तुमच्यासारखं चौदा वर्षं डोकं खातं. पण दारामागे वाळत घालून यातलं काहीच होत नाही."

बघ, मी दारामागचं त्यांना बोलले नव्हते. त्यांनी आपलं आपणच ओळखलं. किती जणींनी तसंच केलं असेल!


तीन वाजत आले

आता जे लिहायचंय ते लिहिते. गेले दोन कागद मी त्याच्याभोवती नुसती पिंगा घालतेय.

आमची नात परवा उडी मारून आली, पायाला माती, गळ्यात पदक, आणि आल्या आल्या माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवी. "आज्जी, केस विंचर." चौदा वर्षांची. अजून झोपेत अंगठा तोंडाजवळ जातो तिचा. आणि माझ्या मनात आलं, आईला छातीचं हेच दुखणं झालं तेव्हा चिंगी एवढीच होती.

एवढीच होतीस गं तू. मी कधी तसं बघितलंच नाही. मला आपलं वाटायचं, तू घरात आहेस ना, आईजवळ आहेस ना, मग झालं. तू शाळा सोडलीस. तू तिचे ते कपडे वेगळे धुतलेस आणि दारामागे वाळवलेस, कोणाला दिसू नयेत म्हणून. तिला टोचू नये म्हणून मऊ जुनेरं शोधून चौकोन केलेस. मी दूर कारखान्यात, वीस वर्षांची, हाताशी सुट्टी असलेली. तुझं पत्र आलं होतं. मोत्यासारखं अक्षर. "आई बरी नाही. ताई, तू ये." एवढंच.

मी सगळ्यांना सांगत आले की शाळेच्या गणवेशांची घाई होती, मालक सोडेना. खोटं आहे ते. मालकाने विचारलंही नाही. पत्र माझ्या उशाखाली वीस दिवस होतं. मला भीती वाटत होती. आईला तसं बघायची भीती. मी आले तेव्हा खाट रिकामी होती आणि तू अंगणात उभी राहून ते सगळे चौकोन घडी घालत होतीस. मला बघून काही बोलली नाहीस. त्याबद्दल आजवर बोलली नाहीस.

आणि मी काय केलं? मी आजारी पडले आणि तू आली नाहीस म्हणून तुझ्यावर चौदा वर्षं रुसून बसले. जगाला सांगत फिरले, सख्खी बहीण, पण फिरकली नाही.

फिरकली होतीस. मला माहीत आहे. आमच्या सेंटरच्या पहारेकऱ्याने सांगितलं होतं मला त्याच दिवशी. "तुमच्यासारखीच चालणारी एक बाई आली होती, फाटकाबाहेरच्या बाकावर दोन तास बसली. पाटी वाचायची, उठायची, परत बसायची. मग हे पुडकं देऊन गेली." वर नाव नव्हतं. उघडलं तर आत मऊ चौकोन, दोन डझन. चार घड्यांचे. दोन गाठींचे.

मला तेव्हा राग आला. वाटलं, कापड पाठवलं आणि स्वतः आली नाही. तू त्या फाटकातून आत का येऊ शकली नाहीस, हे मला कळायला हवं होतं. चौदाव्या वर्षी एकदा सगळं बघून झालेल्या मुलीला ती पाटी कशी दिसली असेल! मला नाही कळलं. पण चौकोन मी टाकले नाहीत, चिंगे. मशीनचा शेक चालू होता तेव्हा माझी कातडी भाजून सोलली होती, अंगाला वारा लागला तरी आग व्हायची. सहा आठवडे तुझे चौकोन लावले. दुसरं काहीच सहन होत नव्हतं. एकाचीही गाठ सुटली नाही.

आणि मग तोच चौकोन मी गाऊनला लावला.

चौदा वर्षं मी या सेंटरचे आभार मानत आले. डॉक्टरांचे, हळूहाताचे, न्हाव्याचे, त्या चहावाल्यांचेसुद्धा. आणि जिने पहिल्यांदा माझी आग शमवली तिचं नाव घेतलं नाही. आज निदान 'माझी बहीण' म्हणून घेतलं. सिस्टर विचारत होत्या ना, कसं सुचलं. जाता जाता मी त्यांना हाक मारून सांगितलं, ते माझं नाही. ते माझ्या बहिणीचं आहे, चौदाव्या वर्षी केलेलं. त्या थबकल्या. म्हणाल्या, "मग तिला सांगा, चारशे बायकांनी घातलंय. आता एकदा स्वतः येऊन बघ म्हणावं."

तू या दारातून कधी आत आली नाहीस. पण तुझा टाका इथे चौदा वर्षांपासून राहतोय, असं समज.


साडेतीन

माझा रिपोर्ट झाला. डॉक्टर म्हणाले, "आजी, भाडेकरू जागचा हललेला नाही." मी म्हटलं, ठीक आहे, राहू दे त्याला, मला आज वेळ नाही.

आता नीट ऐक. हे पत्र आणि हा ब्लाउज आज टपालात टाकते. गुरुवारी तुझ्या हातात पडतील. मी शुक्रवारी येतेय, सकाळच्या गाडीने. मुद्दाम एक दिवस मध्ये ठेवलाय, तुला एकटीला पोटभर रागवता यावं म्हणून. रड, भांडी आपट, माझ्या नावाने खडे फोड. सुनेला सांगायचं की नाही ते तू ठरव, मी आल्यावर दोघी मिळून सांगू, जमलं तर. पण दार उघड. नाही उघडलंस तर मी पायरीवर बसेन, आणि माझ्या हाडांना पायरी चालत नाही हे तुला सबंध गल्ली ऐकवेल.

फाटकातून तुला आत न्यायला मी असेन. त्या बाकावर आधी हवं तेवढं बसू. दोन तास बसायचं असेल तर दोन तास. मंगळवारी, ता. १६ला, नऊला नंबर आहे, पण मी सिस्टरांना सांगून ठेवलंय, उशीर झाला तर झाला. तिसऱ्या खुर्चीवर तू बस, मी चौथीवर बसेन, तिच्या गादीला भोक आहे पण असू दे. तिथे मी बोलत राहीन. तू नाही ऐकलंस तरी चालेल.

जांभळ्या कापडाला मी हात लावलेला नाही. तुझं माप मी तिथेच घेईन, तपासणी झाल्यावर. डाव्या अंगाचं जे निघेल ते निघेल. जसं निघेल तसा शिवेन. मला सगळ्या तऱ्हेचे शिवता येतात, चारशे बायकांवर हात बसलाय.

सोबत एक नवा गाऊन ठेवलाय. पुढे नाड्या, आत खिसा, दोन्ही अंगांना चौकोन. यावेळी शेवटी मी दोन गाठी मारल्या आहेत.

वीस दिवस उशाखाली ठेवलेल्या तुझ्या पत्राला पन्नास वर्षांनी उत्तर देणारी,

तुझी ताई
येते.